साडेसोळा आणि सव्वाएकोणीस

"ही बोगी आपली नाही," बाबा म्हणाले.

पार्सल उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती. फोमच्या खाचेतून अलगद काढलेलं डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल जेवणाच्या टेबलावर उभं होतं. १:८७ मापाचं, जेमतेम २० सेंटिमीटर लांब. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली आणि रुळांच्या उंचीवरून त्याच्याकडे बघितलं. त्यांनी रंग पाहिला नाही, आकडे वाचले नाहीत, दिवेही लावायला सांगितले नाहीत. नजर थेट चाकांवर गेली.

बाबांची पंचवीस वर्षं घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून गेली. आपण सगळे रेल्वेच्या डब्यालाच बोगी म्हणतो. शेडमधल्या माणसासाठी बोगी म्हणजे डब्याखालची किंवा इंजिनाखालची चाकांची चौकट. डब्ल्यूडीएम-२ला अशा दोन बोग्या, प्रत्येकीत तीन धुरे, म्हणजे समोरासमोरची दोन चाकं जोडणारे दांडे. आणि त्या तीन धुऱ्यांमधली अंतरं सारखी नसतात. चाकं फिरवणाऱ्या तीन ट्रॅक्शन मोटरा ज्या पद्धतीने बसवल्या आहेत, तिच्यामुळे मधला धुरा मधोमध न येता एका बाजूला सरकतो. आल्को कंपनीच्या त्या ओतीव बोगीची ही खूण आहे. टेबलावरच्या इंजिनात तिन्ही धुरे शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे समान अंतरावर होते.

"वरचं शरीर बरोबर आहे," बाबा म्हणाले. "खालचं दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचं आहे."

ते खरंच होतं. चॅसी एका अमेरिकन इंजिनाची होती. विकणाऱ्याचं नाव मी इथे घेत नाही, पण वर्णनात ही गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती, आणि ते इंजिन मला ३१,१६५ रुपयांना पडलं होतं.

हा आकडा मला अजून पाठ आहे, कारण तो मी त्या रात्री तीनदा मांडून बघितला. २०२१ सालची गोष्ट. इंजिनाची किंमत १८० डॉलर, टपालखर्च ३५. डॉलर तेव्हा ७४ रुपयांच्या आसपास, म्हणजे १५,९१० रुपये. पार्सल 'खेळणी' या वर्गात धरलं गेलं. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं होतं, आणि ते टपालखर्चासकट सगळ्या रकमेवर लागतं. ते झाले ९,५४६. त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, ९५५. मग या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, ४,७५४. निम्मी रक्कम वस्तूची आणि टपालाची, निम्मी कराची.

२०२३ मध्ये शुल्क ७० टक्के झालं. रुपयाही घसरत होता. २०१० मध्ये ज्या डॉलरला ४५ रुपये लागत, त्याला २०२४ च्या सुरुवातीला ८३ लागत होते. तेच इंजिन तेव्हा मागवलं असतं तर ३५,००० च्या वर गेलं असतं, आणि यात परदेशी उत्पादकाने स्वतः किंमत वाढवलेली नाही असं मी धरलंय. प्रत्यक्षात ती वाढतेच.

का वाढते, हे या छंदात असलेल्या माणसाने समजून घेतलंच पाहिजे असं मला वाटतं. जगातल्या बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांची मॉडेलं गेली कित्येक वर्षं चीनमध्ये बनतात. तिथली मजुरी पूर्वीसारखी स्वस्त राहिली नाही. हँडरेल, जाळ्या, वायपर असे बारीक भाग हाताने चिकटवायचे असतात. मॉडेल जितकं तपशीलवार, तितके हात जास्त. त्यात प्लॅस्टिक ओतण्यासाठी पोलादी साचा लागतो, आणि साच्याचा खर्च शंभर नग काढा नाहीतर दहा हजार काढा, तेवढाच. जर्मन किंवा अमेरिकन इंजिनाला गिऱ्हाईक हजारोंनी मिळतं. भारतीय इंजिनाला किती? एवढ्या नगांसाठी नवी चॅसी, नव्या बोग्या, नवे साचे कोण काढणार? म्हणून वरचं शरीर नवं आणि खालचं यंत्र तयार असलेलं कुठलं तरी, ही तडजोड होते. ती मला कळते. पण तडजोड केली आहे हे सांगायला पैसे लागत नाहीत. "बोगी अमेरिकन आहे" एवढी एक ओळ असती, तर मी कदाचित तरीही घेतलं असतं, आणि मला राग आला नसता.

शुल्काबद्दलही माझं मत एकेरी नाही. स्वस्त आणि कधीकधी घातक रंगांची आयात खेळणी थांबवून इथल्या खेळणी बनवणाऱ्यांना उभं करायचं, हा हेतू मला पटतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह सक्तीचं झालं, त्यामागेही लहान मुलांची काळजी आहे. पण चाळिशीच्या माणसाने कपाटात ठेवायला मागवलेलं, मोजकेच नग निघालेलं मॉडेल आणि तीन वर्षांच्या मुलाची प्लॅस्टिकची मोटार एकाच वर्गात मोजली जाते. असं मॉडेल इथे कोणी बनवत असतं तर मी तेच घेतलं असतं. बनवणारे आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांनाही मोटर, चाकं, गिअर बाहेरूनच आणावे लागतात.

मी या छंदात आलो तो १९९८ साली. त्या वर्षी कोथरुडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम सुरू झालं. मी कॉलेजात होतो. तिथे पहिल्यांदा कळलं, की सिग्नल, सांधे, पूल, प्लॅटफॉर्मवरचे दिवे हे सगळं मोठ्या माणसाने वर्षानुवर्षं जीव लावून करण्याचं काम असू शकतं. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सिग्नल पाडल्याशिवाय गाडी सोडतात की नाही, ते बघितलंस का?" सोडत नव्हते, आणि बाबांना ते आवडलं.

२००९ मध्ये आत्येभावाने अमेरिकेहून एक तयार संच आणून दिला. गोल रूळ, एक इंजिन, चार मालडबे. पुढची दहा-बारा वर्षं मी त्यात भर घालत गेलो, आणि मापाचा विचार फारसा केला नाही. तो विचार बाबांच्या त्या एका वाक्याने सुरू झाला. बोगी चुकली, मग आणखी काय चुकलंय? व्हर्निअर काढला आणि मोजत सुटलो.

पहिलंच माप रुळांचं. एचओ, म्हणजे १:८७ या मापात खरा एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोप-अमेरिकेतला प्रमाण गेज १,४३५ मिलिमीटरचा, त्याला ८७ ने भागलं की साडेसोळा येतात. त्यांचं बरोबर आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे साडेपाच फूट. साडेपाच गुणिले साडेतीन, १९.२५. बाजारातले रूळ आपल्या इंजिनाखाली पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पडतात. हा फरक खऱ्या इंजिनात २४ सेंटिमीटर होतो. एक पूर्ण वीत.

हे एकदा समजलं की डोळ्यांना दुसरं काही दिसेनासं होतं. समोरून बघितलं की रुंद शरीराच्या पोटाखाली चाकं आत ओढून घेतलेली दिसतात. भारतीय गाडी रुळांवर पाय फाकवून, घट्ट रोवून उभी असते. बाबा त्याला 'बसकं' म्हणतात. ते बसकेपण साडेसोळावर येत नाही.

ही तडजोड फक्त आपल्या वाट्याला आली असंही नाही. इंग्रजांच्या स्वतःच्या ओओ मापाची गोष्ट तर याहून जुनी आहे. त्यांच्या गाड्या युरोपातल्या गाड्यांपेक्षा अंगाने लहान. त्या काळच्या मोटरा एचओ मापाच्या इंग्रजी इंजिनात मावेनात. मग त्यांनी शरीर फुटाला चार मिलिमीटर या मापाने वाढवलं आणि रूळ मात्र तेच साडेसोळाचे ठेवले. त्या हिशेबाने त्यांचा गेज चार फूट दीड इंचाचा होतो, असायला हवा चार फूट साडेआठ इंच. आजही तिथले बहुसंख्य लोक त्याच चुकीवर गाड्या चालवतात. ज्यांना सहन झालं नाही, त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः बांधायला घेतले. शतांशापर्यंतचा तो आकडा वाचला आणि मला धीर आला. कोणीतरी आधी या वाटेने गेलं होतं.

ठाण्याचा एक मित्र आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हातात विलक्षण कसब. तो म्हणाला, "दादा, तीन फुटांवरून कोणाला दिसतंय? एवढ्या पैशात पाच डबे होतील." त्याचं म्हणणं चुकीचं नाही. महागाईत प्रत्येकाने आपली रेषा आपणच आखायची. त्याला लांब गाडी हवी, त्याने गेज सोडला. पण डब्ल्यूडीएम-२ आता जवळजवळ दिसेनासं झालंय. १९६२ मध्ये आल्कोकडून पहिली इंजिनं आली, १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. २,६०० अश्वशक्तीच्या या इंजिनांनी आपल्या दोन पिढ्या गावाला पोहोचवल्या. आम्ही आजोळी रहिमतपूरला जायचो ते त्यांच्याच मागे बसून. आता त्या मार्गावर विजेची इंजिनं धावतात. पुढच्या पोराला डब्ल्यूडीएम-२ कसं उभं राहायचं हे दाखवायचं झालं, तर माझ्या कपाटातलं वीस सेंटिमीटरचं मॉडेल कदाचित त्याच्या डोळ्यांसमोर येणारं एकमेव असेल. ते तरी खोटं नको.

म्हणून ठरवलं. वरचं शरीर ठेवायचं, खालचं सगळं काढून टाकायचं, आणि सव्वाएकोणीसचे रूळ घरी बांधायचे. आठ फूट लांब, दोन फूट रुंद फळी. स्टेशन आदर्की. पुणे-मिरज मार्गावरचं घाटातलं छोटं स्टेशन, एकेरी मार्गाच्या दिवसांतलं, पुढे जायची परवानगी म्हणून वेताच्या कड्यात टोकनचा गोळा ड्रायव्हरला हातोहात दिला जायचा तेव्हाचं. फळी सरळ ठेवली, वळण घेतलं नाही. ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण नसतं. ते एचओत दोन मीटर होतं, आणि दोन मीटर त्रिज्येचं वळण आमच्या फ्लॅटमध्ये बसायचं तर स्वयंपाकघरातून न्यावं लागेल. तयार संचातली वळणं साधारण ४५ सेंटिमीटर त्रिज्येची असतात, म्हणजे खरी ४० मीटर. तिथे आपला डबा वळणारच नाही.

सुरुवात चाकांपासून केली. डब्ल्यूडीएम-२चं चाक १,०९२ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबारा. विकत घेतलेल्या चॅसीची चाकं जवळजवळ एक मिलिमीटरने लहान होती. परदेशातून चाकं मागवायची तर पुन्हा तोच शुल्काचा हिशेब, आणि सव्वाएकोणीसचं तयार कोणी देतही नाही. भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथले टर्नर काका दुचाकीच्या बुश बनवतात. नकाशा बघून त्यांनी विचारलं, "हे कशाला लागतं, साहेब?" मी मोबाइलवर इंजिनाचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांचं गाव कोरेगाव निघालं. "कोयना एक्सप्रेसला हेच असायचं," म्हणाले, आणि साठ रुपयांना एक चाक ठरलं.

पहिली सोळा चाकं वाया गेली. लेथच्या चकात धरून काढल्यामुळे भोक आणि कडा एका मध्यावर नव्हत्या. धुरा फिरवला की चाक डुलायचं. डोळ्यांना कळत नव्हतं, पण रुळांवर ठेवलं की इंजिन बदकासारखं चालायचं. दुसऱ्यांदा काकांनी कोलेट, म्हणजे काम मध्यावर घट्ट धरणारी पकड, वापरला आणि चाकाची कडा व भोक एकाच धरणीत कापले. मग जमलं. पैसे मात्र त्यांनी पहिल्या खेपेचे घेतले नाहीत. मी बळजबरीने निम्मे दिले.

इथेच मी माझी पहिली तडजोड केली. चाकाची आतली उंच कडा, फ्लँज, खरी साडेअठ्ठावीस मिलिमीटर उंचीची असते. १:८७ मध्ये ती एक तृतीयांश मिलिमीटर येते. तेवढी कडा ठेवून बघितली. पावसाळ्यात लाकडी फळी हवा खाते, किंचित फुगते, आणि गाडी दर तिसऱ्या फेरीला घसरते. शेवटी ०.६ ठेवली. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "चालतंय. रुळावरून पडलेल्या इंजिनात अचूक काय बघायचं?"

बोगीची मापं त्यांच्या वहीत होती. रेल्वेची जुनी डायरी, कडा तेलाने काळ्या झालेल्या, आत पेन्सिलीने काढलेल्या चौकटी आणि धुऱ्याधुऱ्यातली अंतरं. ती डायरी घरात होती हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. त्यावरून मी संगणकावर बाजूच्या चौकटी काढल्या, ॲक्सलबॉक्स, स्प्रिंगा, ब्रेकची दांडी सगळं, आणि पुण्यातच रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतल्या. १,४०० रुपये. पहिल्या प्रिंटमध्ये मधला धुरा उलट बाजूला गेला होता. आरशातली प्रतिमा तशीच ठेवली होती मी. बाबांनी नुसतं बोट ठेवलं. परत प्रिंट, परत १,४००.

मोटरीचा प्रश्न बुधवार पेठेत सुटला. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत यंत्रमानव बनवणारी कॉलेजची मुलं एन-२० नावाच्या बारीक गिअर-मोटरी घेतात. १२ मिलिमीटर रुंद, अडीचशे रुपयांना एक. आता वेगाचं गणित. साडेबारा मिलिमीटर चाकाचा परीघ ३९ मिलिमीटर. मिनिटाला २०० फेरे झाले तर इंजिन सेकंदाला १३१ मिलिमीटर जातं, ते खऱ्या मापात ताशी ४१ किलोमीटर होतं. शंभराचा वेग हवा असेल तर ५०० फेऱ्यांची मोटर लागेल. मी दोन्ही आणल्या. पाचशेवाली हळू चालताना झटके देते. घाटातल्या स्टेशनात शिरणारी, टोकन टाकून दुसरं घेणारी गाडी दाखवायची आहे, शंभरचा वेग मला हवा कशाला? दोनशेवाली बसवली. प्रत्येक बोगीला एक मोटर, दोन धुरे फिरते, तिसरा नुसता लोळणारा. आवाज थोडा जास्त आहे आणि वीज तोडली की गाडी जागच्या जागी थांबते, जड गाडीसारखी हळूहळू थबकत नाही. चांगल्या परदेशी मोटरीला फ्लायव्हील असतं, त्यामुळे ती सुंदर थांबते. हे मी सोडलं. मनाला लागतं, पण सोडलं.

रूळ मात्र इथे मिळेनात. मॉडेलच्या रुळांची उंची इंचाच्या हजारांशांत मोजतात. संचात येणारा कोड १०० म्हणजे अडीच मिलिमीटर उंच. ८७ ने गुणलं तर २२ सेंटिमीटर उंचीचा रूळ होतो, असा रूळ आपल्याकडे कुठेच नाही. आपला मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ १५६ मिलिमीटर उंच, त्याला कोड ७० जवळजवळ तंतोतंत बसतो. भाची अमेरिकेत शिकते. ती सुट्टीला येताना पुठ्ठ्याच्या नळीत तीन-तीन फुटांचे २० तुकडे घेऊन आली. एकही वाकला नव्हता. विमानतळावर तिने ती नळी हातातून खाली ठेवली नव्हती म्हणे.

स्लीपर लाकडी हवे होते, साडेएकतीस मिलिमीटर लांब. नऊ फुटांच्या खऱ्या स्लीपरचं ते माप. प्लायवूडच्या दुकानातून सागाच्या विनियरच्या टाकाऊ पट्ट्या आणल्या. एका मार्गाला सव्वातीनशे स्लीपर. दर पाचवा स्लीपर कॉपर क्लॅड बोर्डाचा, म्हणजे त्यावर रूळ सोल्डर करता येतो. त्या प्रत्येकावरचा तांब्याचा थर मधोमध करवतीने तोडावा लागतो, नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होतो. मी सगळे तोडले असं समजून वीज जोडली. शॉर्ट. दोन मार्गांचे मिळून असे एकशे तीस स्लीपर मीटर लावून तपासत गेलो. एकाच स्लीपरवर केसाएवढा तांब्याचा धागा राहिला होता. तो शोधायला दोन रविवार गेले.

सर्वांत अवघड सांधा, गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळते ती जागा. प्रवासी गाड्यांसाठी एकास बाराचा, म्हणजे बारा फुटांत एक फूट फाकणारा लांबट सांधा घालतात, पण तो घातला तर फळीवर डबे उभे करायला जागाच उरत नव्हती. एकास साडेआठचा घेतला. तोही आपल्याकडे वापरतात, साइडिंगला. दुसरी जाणूनबुजून केलेली तडजोड. क्रॉसिंगचं टोक घासताना कळलं, की बाजारातल्या सांध्यांत एवढ्या रुंद फटी का असतात. त्यांना कोणाचंही, कसलंही चाक पार करायचं असतं. माझ्या सांध्यावरून फक्त माझी चाकं जाणार, त्यामुळे फट अरुंद ठेवता आली आणि चाक खड्ड्यात पडल्यासारखं दचकत नाही. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. पहिले दोन सांधे अजून ठेवले आहेत. ठाण्याच्या मित्राने त्यातला एक शिकायला मागून नेला.

हिशेब सांगतो. चाकं, मोटरा, दोनदा केलेले प्रिंट, वेगाचा नियंत्रक, बोर्ड, विनियर, सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आत. रूळ वेगळे, ते भाचीने भेट म्हणून दिले. आणि आठ महिन्यांचे रविवार. हा हिशेब वाचून कोणी म्हणेल की मग विकतचं घेताच कशाला, सगळे घरी करा. तसं मी म्हणणार नाही. माझ्या घरात ती डायरी होती, भोसरीला काका होते, आणि ज्या ३१,१६५ रुपयांबद्दल मी रागावलो होतो त्यांतलं वरचं शरीर खरोखर उत्तम होतं. ते मला आयुष्यात घडवता आलं नसतं. ज्याने ते घडवलं त्याने हुडाची गोलाई, रेडिएटरच्या जाळ्या, केबिनच्या खिडक्या कुठेच हात आखडला नव्हता. म्हणूनच खालच्या चॅसीबद्दल तो गप्प राहिला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मागच्या दिवाळीत इंजिन सव्वाएकोणीसवर उभं राहिलं. मी काही बोललो नाही. बाबांनी पुन्हा टेबलाला हनुवटी टेकवली. आता त्यांना खुर्ची लागते. बराच वेळ बघत होते. मग बोटाने हळूच ढकललं, ते मोटरीमुळे हललं नाही, तेव्हा वीज लावायला सांगितलं. इंजिन सांध्यावरून आलं, खडखड न करता पुढे गेलं, प्लॅटफॉर्मच्या कडेला थांबलं.

"बसकं दिसतंय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "वाळूचे पाइप कुठेत?"

चढावर चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडणारे बारीक पाइप चाकांसमोर उतरतात. घाटात तर ते हवेतच. मी पार विसरलो होतो. गिटारची तार अर्ध्या मिलिमीटरची मिळते, ती वाकवून आठवडाभरात लावले. त्यांतला एक बाबांनी स्वतः वाकवला. हात थरथरतो, म्हणून पकड मी धरली.

आता डबे. जुन्या धाटणीचे पाच आयसीएफ डबे, प्रत्येकी २५६ मिलिमीटर. खरी कोयना याच्या तिपटीहून लांब असायची, पण फळी आठच फुटांची आहे. पेरांबूरच्या कारखान्याने २०१८ मध्ये हे डबे बनवणं थांबवलं, डेक्कन क्वीनलाही २०२२ पासून नव्या धाटणीचे एलएचबी डबे आहेत, तेव्हा हेही वेळेत मोजून घ्यायला हवं. बाजू जाड कागदातून लेझरने कापून घेतोय. खिडक्यांचे आडवे गज पारदर्शक कागदावर छापलेले असतील, उठून दिसणार नाहीत. बाबांना ते अजून सांगितलेलं नाही. डब्याची चाकं ९१५ मिलिमीटरची, मॉडेलमध्ये साडेदहा, पाच डब्यांची मिळून चाळीस. भोसरीला फोन केला तर काका म्हणाले, पितळ महागलंय, आता पंचाहत्तर पडतील. मी चाळीसऐवजी चव्वेचाळीस सांगितली. चार सुटी असावीत.